हवं तर घ्या

३ जून

प्रिय दादा,

आधी बातमी, ख्यालीखुशाली मागून. ते काम मला मिळालं!

काल साहेबांनी सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाले, "आपल्या दुकानाचा स्वतःचा प्रोग्राम काढायचा. चौदा ऑक्टोबरला. आणि तो हिने करायचा." हिने म्हणजे मी! हातातला चहाचा कप मी चक्क कीबोर्डवर ठेवला. कीबोर्ड गेला, पण कोणी रागावलं नाही.

तू आमचं ऑफिस पाहिलेलं नाहीस. बेकरीच्या वरचा मजला, दहा टेबलं, एकच खिडकी. त्या खिडकीशी आमच्या ताई बसतात. खेळ विकत घेणाऱ्यांच्या तक्रारी वाचून उत्तरं देणं हे त्यांचं काम, नऊ वर्षं तेच करतायत. आणि आमचं दुकान म्हणजे तुला माहीतच आहे: वेबसाइटवर कॉम्प्युटरचे खेळ विकायचे, बरेचसे जुने, नव्या मशीनवर चालतील असे दुरुस्त करून. पैसे भरा, फाइल उतरवून घ्या, ती तुमची. तिला कुलूप नाही, पहारा नाही. तुझ्यासाठी मी पेन ड्राइव्हवर भरून पाठवते त्या याच फाइली.

अडचण अशी की लोकांकडे आता शंभर-शंभर खेळ झालेत. कोणता कुठे ठेवलाय ते सापडत नाही. मोठी फाइल नव्वद टक्क्यांवर येऊन तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून. खेळात दुरुस्ती झाली तर ती शोधत बसा. नवा प्रोग्राम हे सगळं एका खिडकीत करेल. ऑफिसात आम्ही त्याला क्लायंट म्हणतो. एकदा बसवला की सगळे खेळ ओळीने समोर, तुटलेली फाइल तुटल्या जागेपासून पुढे, दुरुस्त्या आपोआप.

माझ्या हाताखाली पाच माणसं आहेत. त्यातले तिघे माझ्याहून मोठे. मला "मॅडम" म्हणतात आणि गालात हसतात.

सोबत पेन ड्राइव्ह आहे. दोन खेळ, लोकरी मोजे आणि नवा चष्मा. चष्मा सगळ्यात खाली आहे, डबा आपटू नकोस.

तुझी,
टिटवी


१९ जून

टिटवे,

सकाळचं तापमान तीन, वारा वायव्येचा, दृश्यमानता उत्तम, मनःस्थिती वाईट.

चष्मा धड पोचला. तुझं पत्र त्याच चष्म्याने दोनदा वाचलं. अभिनंदन. पाच माणसांची जबाबदारी तुझ्यावर आली, याचा अभिमान वाटला. आता दुसरं सांगतो.

चार वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका दुकानातून एक खेळ घेतला होता. त्यांचाही असाच एक प्रोग्राम होता, एका खिडकीत सगळं. या वेधशाळेवर आलो, एक महिना खेळलो आणि एकतिसाव्या दिवशी खिडकी म्हणाली, इंटरनेटला जोडा, तुम्ही तुम्हीच आहात का ते बघायचंय. इथे कुठलं इंटरनेट? उपग्रहाची जोडणी आहे ती फक्त हवामानाच्या नोंदी पाठवायला. स्वतःचं एक अक्षरही तिच्यावरून पाठवायचं नाही, म्हणून तर आपण टपालगाडीची वाट बघत पत्रं लिहितो. बर्फाने रस्ता बंद झाला की तीही येत नाही. पाच महिने माझा खेळ माझ्याच टेबलावर बंद पडून होता.

तुमच्या दुकानात मी आलो तो याला कंटाळून. आता तुम्हीही पहारेकरी नेमताय. सुरुवात सोयीनेच होते. मग एक दिवस वेबसाइटवरची फाइल गायब होते.

काम छान कर. पण ते कोणाला अडवण्यासाठी असेल, तर माझ्याकडून कौतुकाची अपेक्षा ठेवू नकोस.

दादा


८ जुलै

दादा,

तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, नाहीतर कागद जळाला असता.

मी पहारेकरी? मी? आमचा प्रोग्राम नक्की ऐच्छिक आहे. ज्याला हवा तो बसवेल, नको तो बसवणार नाही. वेबसाइटवरच्या फाइली नक्की राहणार आहेत. आज जशा मिळतात तशाच नक्की मिळतील. क्लायंटमधून उतरवलेला खेळसुद्धा क्लायंट बंद करून नक्की उघडता येईल. कसलीही सक्ती नाही. तुला नक्की पेन ड्राइव्ह पोचत राहील.

काम जोरात आहे. गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच फाइल मध्ये तोडून पुन्हा जोडली. मी मुद्दाम वायर उपटली, दहापर्यंत आकडे मोजले, परत लावली, आणि ती एकसष्ट टक्क्यांपासून पुढे निघाली. आम्ही सहाजण त्या निळ्या पट्टीकडे असे बघत होतो, जणू रांगणारं बाळ उभं राहिलंय.

हे कौतुक तुला ऐकवायचं नव्हतं, पण दुसऱ्या कोणाला सांगू?

टिटवी


२५ जुलै

टिटवे,

तुझ्या पत्रात "नक्की" हा शब्द पाच वेळा आलाय. मी मोजले; मोजणं हा माझा धंदाच आहे. शेजारच्यांच्या खिडकीची काच फोडलीस त्या दिवशीही तू आईला "नक्की मी नाही" असं इतक्याच वेळा म्हणाली होतीस.

काय चाललंय ते सरळ सांग.

आणि मी एवढा का भडकलो ते मीही सरळ सांगतो. मागच्या पत्रात "माझा खेळ, माझा खेळ" असं लिहिलं. पण आता तुमच्याकडचा जो खेळतो, तो माझा एकट्याचा नाही.

इथे आमचे जनरेटरवाले काका आहेत. वेधशाळेचे दिवे, हीटर, यंत्रं, सगळं त्यांच्या जिवावर. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात त्यांची बायको खाली गावात वारली. वायरलेसवर निरोप आला. रस्ता बंद होता. त्यांना खाली उतरायला अकरा आठवडे लागले. परत आले ते बोलायचे थांबून. "हो", "नाही" आणि "डिझेल", एवढंच. जेवायला बसलो की भांड्यांचाच काय तो आवाज.

एका दुपारी मी तू पाठवलेला तो राज्य जिंकायचा खेळ खेळत होतो. ते मागून कधी आले कळलंच नाही. म्हणाले, "तो पूल घेऊ नकोस, मागून मारतील." महिन्याभरातलं त्यांचं ते सगळ्यात लांब वाक्य. मी पूल घेतला. मागून मारलं.

तेव्हापासून रोज चारच्या नोंदी झाल्या की एकाच मशीनवर आम्ही दोघं खेळतो, एक डाव माझा, एक त्यांचा. आमची लढाई चौदा महिने चाललीय. तेवढा अर्धा तास ते बोलतात. माझ्या सेनापतींना शिव्या देतात. एकदा तर हसले.

म्हणून विचारतो. ती फाइल उद्या कुलपात जाणार आहे का?

दादा


२ सप्टेंबर

दादा,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं तोंड नव्हतं. आता आहे. सगळं सांगते.

तू ओळखलंस ते खरं होतं. जूनच्या अखेरीला साहेबांनी एक सल्लागार आणले. त्यांनी आकडे दाखवले: क्लायंट असला की लोक रोज दुकानात डोकावतात, नुसती फाइल घेणारे महिनोन् महिने फिरकत नाहीत. म्हणाले, "माणसापुढे दोन दारं ठेवली की तो जुन्याच दाराने जातो. जुनं दार बंद करा." साहेब एवढ्याला तयार नव्हते. मग मधला मार्ग निघाला. फाइल ठेवायची, पण तिचा दुवा तिसऱ्या पानावर, तळाशी, फिक्या अक्षरात. ज्याला माहीत आहे त्यालाच सापडेल असा.

दादा, ते पान मी आखलं. मला कोणी दमदाटी केली नव्हती. आपल्या प्रोग्रामची गिऱ्हाइकं वाढतील, एवढाच विचार डोक्यात होता. फिका रंगही मीच निवडला. आणि ते करत असतानाच तुला "नक्की, नक्की" लिहीत होते.

तुझं काकांबद्दलचं पत्र आलं त्या दिवशी मी ते ताईंना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "सोमवारच्या बैठकीला मी येते." नऊ वर्षांत त्यांना कधी कोणी बैठकीला बोलावलं नव्हतं. त्या न बोलावता आल्या. सल्लागारांचे आकडे संपले तशा उभ्या राहिल्या.

"साहेब, एक बोटीवरचा इंजिनियर आहे. बंदरात आला की दोन तासांत चार खेळ उतरवतो आणि तीन महिने समुद्रात जातो. एक बाई आहेत, हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डात त्यांनी जुना कॉम्प्युटर ठेवलाय. तिथे इंटरनेटला परवानगी नाही. हे तिसऱ्या पानावर कसे पोचणार?"

सल्लागार म्हणाले, "पण असे आहेत किती?"

"मोजायचे तर तुम्ही मोजा," ताई म्हणाल्या. "मी त्यांना ओळखते."

मग मी उठले. मी सांगितलं की ते पान मी आखलंय आणि मला त्याची लाज वाटते. आणि मग, दादा, मी तुझं पत्र वाचलं. काकांचं सगळं. तुला न विचारता, नऊ माणसांसमोर. त्याबद्दल तुला जे बोलायचं ते बोल.

वाचून झालं. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात साहेब उठले, फळ्यावरचे सल्लागारांचे आकडे स्वतःच्या बाहीने पुसले आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: हवं तर घ्या. खाली दोन ओळी. वेबसाइटवरची फाइल पहिल्याच पानावर, क्लायंटच्या बटणाएवढ्याच बटणात. आणि क्लायंट बिघडला, काढून टाकला किंवा उद्या आपणच बुडालो, तरी घेतलेला खेळ उघडला पाहिजे.

मी म्हणाले, "साहेब, मग प्रत्येक खेळ दोनदा तयार करावा लागेल, एकदा क्लायंटसाठी, एकदा वेबसाइटसाठी. वेबसाइटचं सगळं वेगळं चालवावं लागेल. काम दुप्पट."

"हो," ते म्हणाले. "तारीख मात्र तीच."

नोकरीला लागल्यापासून मी त्यांना साहेब म्हणतेय. त्या दिवशी मनापासून म्हटलं.

टिटवी


२० सप्टेंबर

टिटवे,

पत्र वाचून दाखवलंस ते मला आवडलं नाही. माझं असतं तर गोष्ट वेगळी. ते काकांचं होतं.

लपवून ठेवणं मला जमेना. चारच्या डावाआधी त्यांना सगळं सांगितलं. ते उठले आणि जनरेटरच्या खोलीत गेले. दोन दिवस डाव नाही. म्हटलं, एवढ्या मेहनतीने बोलतं झालेलं माणूस मी आणि माझ्या बहिणीने मिळून परत गप्प केलं.

तिसऱ्या दिवशी चार वाजता आले, खुर्ची ओढली. "किती जणांनी ऐकलं?"

"नऊ."

"सगळं वाचलं?"

"सगळं."

त्यांनी खेळातला नकाशा उत्तरेकडे सरकवला. मग म्हणाले, "त्या पुलाचं वाचलं ते बरं केलं. तू ऐकलं नव्हतंस हे चार लोकांना कळायला हवं होतं." आणि माझी उत्तरेकडची दोन शहरं घेतली.

म्हणजे क्षमा झाली की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

आता तुझ्याबद्दल. आपली चूक चारचौघांत, साहेबांसमोर, स्वतःच्या तोंडाने सांगायची म्हणजे छाती लागते. मी पस्तीस वर्षांचा होईपर्यंत मला ते जमलं नव्हतं. पहिल्या पत्रात अभिमान वाटला म्हणालो होतो, तो हुद्द्याचा होता. आताचा वेगळा आहे.

ऑक्टोबर संपता संपता रस्ता बंद होईल. काय झालं ते त्याआधी कळव.

दादा


२१ ऑक्टोबर

दादा,

शेवटची गाडी परवा निघते म्हणून घाईत लिहितेय. अक्षर लावून घे.

चौदा तारखेला सकाळी अकरा वाजता आम्ही क्लायंट खुला केला. खालच्या बेकरीवाल्याने केक पाठवला होता, त्यावर आमच्या प्रोग्रामची खिडकी काढलेली. पहिल्या तासात आमच्या अंदाजाच्या तिप्पट लोकांनी प्रोग्राम उतरवला. माझे पाय जमिनीवर नव्हते.

एक वाजता तो बंद पडला.

उघडला की पांढरी खिडकी आणि मध्ये फिरणारं वर्तुळ. सगळ्यांकडे. कारण शोधायला वीस मिनिटं लागली, आणि ते मीच लिहिलेल्या एका ओळीत होतं. सर्व्हरने दार उघडलं नाही तर क्लायंटने दर सेकंदाला पुन्हा ठोठावायचं, असं मी लिहिलं होतं. हजारो क्लायंट, दर सेकंदाला, एकाच दारावर. गर्दीने दार अडलं, आणि अडलं म्हणून ठोठावणं आणखी वाढलं.

सगळे कीबोर्ड बडवत होते. मी मात्र ताईंच्या टेबलाकडे बघायला घाबरत होते. आता तक्रारींचा पूर येणार, लोक आम्हाला धुऊन काढणार. तर ताईच ओरडल्या, "अगं, इकडे ये! काहीच येत नाहीये!"

म्हणजे येत होतं, पण मोजकंच. आणि कसं? "तुमचा प्रोग्राम उघडत नाही. काळजी करू नका, मी खेळ थेट उघडलाय." "वेबसाइटवरून फाइल घेतली, चालतेय." एकाने तर लिहिलं होतं, "सावकाश दुरुस्त करा, मी तोपर्यंत खेळतोय." वेबसाइट वेगळी ठेवल्यामुळे तिला धक्काच लागला नव्हता. एकाही माणसाचा एकही खेळ बंद पडला नाही, दादा. बंद पडला तो फक्त आमचा प्रोग्राम.

साहेब माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसले. ओरडले नाहीत, घाई केली नाही. वेबसाइटवरची सूचना त्यांनी स्वतः लिहिली: "आमचा नवा प्रोग्राम आज आजारी आहे, चूक आमची आहे. तुमचे खेळ ठणठणीत आहेत, नेहमीसारखे खेळा."

मी क्लायंटला धीर धरायला शिकवलं. पहिल्यांदा दोन सेकंद थांब, मग चार, मग आठ. सहा वाजता दार मोकळं झालं. केक तेव्हा कापला.

निघताना साहेब म्हणाले, "त्या सल्लागारांना मी आजचा दिवस दाखवायला हवा होता." मग खुर्ची जागेवर ठेवत, "आधी मलाच."

स्वतःला जप. काकांना माझा नमस्कार सांग, घेतील तर.

टिटवी


१२ मार्च

टिटवे,

रस्ता काल उघडला. बर्फ खिडकीच्या अर्ध्यावर आहे, मी धडधाकट आहे.

तुझं पत्र मी काकांना वाचून दाखवलं, या वेळी तुझ्या परवानगीशिवाय. फिटंफाट. ते प्रोग्राम बंद पडल्याचं ऐकताना हात थांबवून ऐकत होते. म्हणाले, "यंत्र बंद पडतंच. ते बंद पडल्यावर घर गार पडता कामा नये, एवढं बघायचं असतं. पोरीने बघितलंय." तीस वर्षं ज्याने या डोंगरावर एकही घर गार पडू दिलं नाही, तो माणूस असं म्हणाला. तुझ्या कौतुकात मी यापुढे काय भर घालणार?

आमची लढाई फेब्रुवारीत संपली. मी हरलो. दुसऱ्या दिवशी नवी सुरू केली.

आणि एक. काका निवृत्त झाले. याच गाडीने खाली चाललेत, मुलीकडे. ती तुझ्याच शहरात राहते. तुझ्या ऑफिसचा पत्ता मागून घेतला. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "माझं मी बघतो." चेहऱ्यावरून काही कळलं नाही. ओरडले तर ऐकून घे.

चार वाजता आता मी एकटाच असेन. नव्या जनरेटरवाल्याला विचारून बघेन.

दादा


२ एप्रिल

दादा,

काका येऊन गेले.

सकाळी साडेअकराला दारात एक उंच, जरासे वाकलेले गृहस्थ, पायात डोंगरावरचे जाड बूट. "टिटवी कोण?" सगळं ऑफिस हसलं. आता इथेही माझं तेच नाव पडलंय.

मुलीने दिलेला लॅपटॉप त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "हा तुझा प्रोग्राम न घेता खेळता येतं?"

"येतं."

"आणि घेतला, आवडला नाही, काढून टाकला, तर?"

"खेळ राहतात."

"मग दाखव."

मी बसवून दिला. वायर उपटून फाइल तुटल्या जागेपासून पुढे जाते का, ते त्यांनी स्वतः तीनदा तपासलं. मग होकारार्थी मान हलवली. या खोलीत इतक्या जणांनी माझं कौतुक केलंय, पण त्या मान हलवण्याने मला जे वाटलं ते सांगता येणार नाही.

मग ते खुर्ची फिरवून बसले. "ते पत्र कोणी कोणी ऐकलं होतं?"

ताई उभ्या राहिल्या. मग एकेक करत बाकीचे. साहेब त्यांच्या खोलीतून बाहेर आले आणि तेही उभे राहिले. मी म्हणाले, "काका, माझी चूक झाली. मी विचारायला हवं होतं."

"हो. विचारायला हवं होतंस," ते म्हणाले. एवढंच. माझी मान खाली गेली.

"बसा सगळे," ते म्हणाले. "त्या पत्रात माझी बायको गेली, तेवढंच होतं. ती होती कशी, ते सांगायला आलोय."

आणि त्यांनी सांगितलं, दादा. ती पोहायला शिकवायची. मुलांना नाही, मोठ्या माणसांना, पाण्याला घाबरणाऱ्या. चाळीस-पन्नास वर्षांची माणसं तलावाच्या काठावर थरथरत उभी असायची. इतर शिक्षक ढकलून द्यायचे. हिने जन्मात कोणाला ढकललं नाही. आपण कमरेएवढ्या पाण्यात उभी राहायची आणि गप्पा मारायची.

साहेबांनी विचारलं, "मग उतरायचे का सगळे?"

"सगळे नाही. काहीजण महिनाभर काठावरच बसून असायचे. त्यांनाही ती रोज नावाने हाक मारायची."

चहा गार झाला, फोन वाजून वाजून थांबला, कोणी उठलं नाही. साहेबांनी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाले, "आणखी सांगा."

तुझी,
टिटवी